शंभर टक्के म्हणजे किती अंश?

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या विज्ञान मंडळातील मुलांनी रेडिओ-नियंत्रित विमानाची प्रतिकृती बनवली होती. फोमच्या तक्त्यांचे, सव्वा मीटर पंखविस्ताराचे ते विमान पहिल्यांदा उडणार म्हणून मलाही बोलावणे आले. उड्डाणापूर्वी विमान टेबलावर ठेवून आम्ही एकेक भाग तपासत होतो. शेपटीच्या आडव्या पंखाचा मागचा भाग बिजागरीवर वरखाली होतो. त्याला एलेव्हेटर म्हणतात. त्याच्यामुळे विमानाचे नाक वर किंवा खाली वळते. आराखड्यात लिहिले होते, की एलेव्हेटरची मागची कड वर १२ आणि खाली १२ मिलिमीटर जायला हवी. पट्टी लावून पाहिली, तर ती जेमतेम आठ मिलिमीटर जात होती.

‘‘सर, ट्रान्समीटरमध्ये वाढवता येतं,’’ नववीतला एक मुलगा म्हणाला आणि त्याने सराईतपणे बटणे दाबली. पडद्यावर १०० टक्के होते. त्याचे ११० झाले, १२५ झाले. कड नऊ मिलिमीटरपर्यंत आली. पुढे त्याने आकडा १४० वर नेला, पण कड नऊवरच राहिली. आतून एक बारीक गुणगुण मात्र ऐकू येऊ लागली. ‘‘असू दे, दोन-तीन मिलिमीटरने काय होतंय,’’ असे म्हणून मीच होकार दिला.

विमान छान उडाले. तिसऱ्या फेरीनंतर ते उतरायला खाली आले. मुलाने काडी पूर्ण मागे ओढून धरली आणि त्याच क्षणी विमानाने ऐकणेच सोडून दिले. ते मैदानाच्या कडेला नाकावर आदळले. तिथून पंधरा-वीस पावलांवर सातवीची मुले रांगेत बसलेली होती. कोणाला लागले नाही, हे आमचे नशीब. मोडके विमान उचलून आणले, तर आश्चर्य म्हणजे सगळे भाग पुन्हा ठाकठीक हलत होते!

ही चूक कशी झाली हे समजून घ्यायचे, तर आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागेल. पडद्यावरचे ‘१०० टक्के’ म्हणजे नेमके किती?

सर्व्होच्या पोटात

विमानातील हलते भाग ज्या यंत्राने हलवले जातात त्याला सर्व्हो म्हणतात. लॅटिनमध्ये ‘सर्व्हस’ म्हणजे सेवक, दास. जोसेफ फार्को या फ्रेंच अभियंत्याने १८७३ मध्ये ‘सर्व्हो-मोटर’ या विषयावर पुस्तक लिहिले. त्याच्यासमोरचा प्रश्न होता जहाजाचे अवजड सुकाणू वाफेच्या बळाने फिरवण्याचा. सुकाण्याने हातातले चाक जितके फिरवले, त्या प्रमाणातच सुकाणू फिरावे आणि तिथेच थांबावे, अशी ती रचना होती. यातले ‘तितकेच’ महत्त्वाचे आहे. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओने चालणारी छोटी नाव दाखवली, तेव्हा दूरवरून आज्ञा देणे शक्य झाले. आज्ञेच्या प्रमाणात हालचाल करणारे सर्व्हो प्रतिकृतींमध्ये सर्रास दिसू लागले ते मात्र १९६० नंतर.

आजचा नऊ ग्रॅमचा सर्व्हो उघडला तर चार गोष्टी दिसतात. एक छोटी विद्युत मोटर, तिची गती कमी करून ताकद वाढवणारी दातेरी चाके, शेवटच्या आसाला जोडलेला बदलता रोध आणि एक इलेक्ट्रॉनिक मंडल. बदलता रोध म्हणजे जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणामागे असायचा तसला. आस आत्ता कुठल्या कोनात आहे हे या रोधावरून मंडलाला कळते. आस कुठे असायला हवा हे रिसीव्हरकडून कळते. दोन्हींत फरक असेल तर मंडल मोटर फिरवते आणि फरक संपला की थांबवते. यालाच प्रत्याभरण म्हणतात. माठ भरताना आपण पाण्याच्या पातळीवर नजर ठेवून नळ बंद करतो, तेही प्रत्याभरणच.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मागितलेल्या कोनापर्यंत जायच्या आधीच भुजा कशाला तरी अडली, तर फरक कधीच संपत नाही. मग हा प्रामाणिक सेवक थांबतही नाही. तो अडलेल्या जागी जोर लावत राहतो. ती गुणगुण म्हणजे त्याची तक्रार होती.

टक्का कशाचा?

रिसीव्हर सर्व्होला आज्ञा देतो ती विजेच्या छोट्या स्पंदांच्या रूपात. साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद येतो. तो किती वेळ टिकतो, यात कोनाचा निरोप असतो. सुमारे १.५ मिलिसेकंदाचा स्पंद म्हणजे ‘मध्यावर ये’. त्याहून छोटा स्पंद म्हणजे एका बाजूला, मोठा म्हणजे दुसऱ्या बाजूला. आज २.४ गिगाहर्ट्झच्या संचांत हवेतून जाणारा संदेश अंकीय असतो, तरी रिसीव्हरमधून बहुतेक सर्व्होंकडे जाणारा निरोप अजून याच स्पंदांचा असतो.

ट्रान्समीटरवर ‘ट्रॅव्हल’, ‘एंड पॉइंट’ किंवा ‘एटीव्ही’ अशा नावाने जी सोय असते, ती या स्पंदाची लांबी जास्तीत जास्त किती बदलावी हे ठरवते. अनेक संचांत १०० टक्के म्हणजे मध्यापासून सुमारे ४०० मायक्रोसेकंद इकडे-तिकडे. पण ‘एजटीएक्स’ ही खुली प्रणाली वापरणाऱ्या ट्रान्समीटरमध्ये १०० टक्के म्हणजे ५१२ मायक्रोसेकंद. मध्यबिंदूही सगळ्यांचा एक नाही. कुणाचा १५०० मायक्रोसेकंद, कुणाचा १५२०. पुढे त्या स्पंदाला किती अंश वळायचे हे सर्व्होच्या बनावटीवर अवलंबून. ढोबळमानाने १० मायक्रोसेकंदाला एक अंश धरला, तर ४०० मायक्रोसेकंदांना ४० अंश होतात.

म्हणजे टक्का हा कोनाचा नाही, एलेव्हेटरच्या मिलिमीटरांचा तर नाहीच. तो फक्त मागणीचा आकडा आहे. सर्व्होची भुजा प्रत्यक्षात कुठे पोहोचली, हे सांगणारी तार विमानातून ट्रान्समीटरकडे परत येत नाही. प्रत्याभरण आहे, पण ते सर्व्होच्या डबीपुरते. डबीपासून एलेव्हेटरच्या कडेपर्यंतचे प्रत्याभरण म्हणजे आपले डोळे आणि हातातली पट्टी.

नववीचा त्रिकोण

सर्व्होच्या आसावर एक भुजा बसवलेली असते. तिला ओळीने चार-पाच भोके असतात. त्यांपैकी एका भोकात पोलादी तार अडकवतात. तारेचे दुसरे टोक एलेव्हेटरवर उभ्या बसवलेल्या छोट्या तुकड्याला, म्हणजे हॉर्नला जोडतात. भुजा फिरली की तार सरकते, तार सरकली की एलेव्हेटर वळतो. तार पुरेशी लांब असेल आणि मध्यावर भुजा तारेशी काटकोनात असेल, तर

तारेची सरक = आसापासून भोकाचे अंतर × साइन (भुजेचा कोन)

हेच सूत्र दुसऱ्या टोकालाही लागू पडते. आमच्या विमानात एलेव्हेटरची रुंदी ४० मिलिमीटर होती आणि हॉर्नचे भोक बिजागरीपासून २० मिलिमीटरवर. कड १२ मिलिमीटर उचलायची, तर कोनाची साइन १२ भागिले ४०, म्हणजे ०.३. कोन साडेसतरा अंश. त्यासाठी तार २० × ०.३ = ६ मिलिमीटर सरकायला हवी.

आमच्या मुलांनी तार भुजेच्या सर्वांत आतल्या, आसापासून ६ मिलिमीटरवरच्या भोकात अडकवली होती. ४० अंशांची साइन ०.६४. म्हणून १०० टक्क्यांना तार सरके ६ × ०.६४, म्हणजे ३.८ मिलिमीटर. कडेवर त्याचे दुप्पट, ७.७ मिलिमीटर. पट्टीवर आम्ही ‘जेमतेम आठ’ वाचले होते ते हेच. तार पुरी ६ मिलिमीटर सरकायची तर साइन १ हवी, म्हणजे भुजा ९० अंशांत! थोडक्यात, त्या भोकातून १२ मिलिमीटर मिळणे भूमितीलाच मान्य नव्हते, मग बटण कितीही दाबा.

आता बाहेरचे, १० मिलिमीटरवरचे भोक घेऊ. ६ भागिले १० म्हणजे ०.६. कोन सुमारे ३७ अंश, म्हणजे ९२ टक्के. उत्तर एका भोकाच्या अंतरावर होते आणि आम्ही ते पडद्यावर शोधत बसलो.

मग सर्वांत बाहेरचेच भोक का नको?

हा प्रश्न चौकस विद्यार्थी नक्की विचारेल. १६ मिलिमीटरवरचे भोक घेतले, तर ६ मिलिमीटर सरकेसाठी २२ अंश पुरतात. ट्रान्समीटरमध्ये टक्का ५५ वर आणला की कड बरोबर १२ मिलिमीटर उचलली जाईल. पट्टीला दोन्ही मांडण्यांत फरक दिसणार नाही. पण फरक आहे, आणि तो तीन ठिकाणी आहे.

पहिला ताकदीचा. समजा, सर्व्होचे परिबल १.६ किलोग्रॅम-सेंटिमीटर आहे. आसापासून १ सेंटिमीटरवर तो १.६ किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने तार ओढतो, तर १.६ सेंटिमीटरवर फक्त १ किलोग्रॅमच्या. भुजा वळत जाते तसा तारेच्या दिशेने असलेला तरफेचा हात आणखी आखूड होतो आणि बल वाढते. ३७ अंशांत हे बल २ किलोग्रॅम होते. २२ अंशांत मात्र १.०८ किलोग्रॅमच. एलेव्हेटर जास्तीत जास्त वळलेला असतो, तेव्हाच हवेचा दाब त्याला सर्वांत जोराने मागे ढकलतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विमान सूर मारून खाली येत असेल तेव्हाच ताकद हवी, आणि ती निम्मी झालेली असते.

दुसरा फरक बारकाव्याचा. स्पंदात अगदी थोडा बदल झाला तर सर्व्हो हलत नाही. नाहीतर तो सतत थरथरत राहील. समजा, १० मायक्रोसेकंदांपेक्षा छोटा बदल त्याला जाणवत नाही. १०० टक्क्यांना एकूण पल्ला ८०० मायक्रोसेकंदांचा, म्हणून सुमारे ८० वेगवेगळ्या जागा मिळतात. ५५ टक्क्यांना पल्ला ४४० चा, जागा ४४. तेवढाच एलेव्हेटर तेवढाच वळतो, पण मोठ्या मोठ्या पायऱ्यांनी.

तिसरा फरक ढिलाईचा. दातेरी चाकांत थोडी मोकळीक असतेच. ती एक अंश धरली, तर १० मिलिमीटरच्या भोकात तार ०.१७ मिलिमीटर सैल राहते, १६ च्या भोकात ०.२८. कडेवर ती दुप्पट होऊन दिसते. वेगात ही ढिलाई वाढली की एलेव्हेटर पताकेसारखा फडफडू लागू शकतो. अशा फडफडीने शेपट्या तुटतात.

म्हणून नियम असा, की जी हालचाल हवी ती सर्व्होच्या जवळजवळ पूर्ण प्रवासात मिळेल असे भोक निवडावे. टक्का ९० ते ११० च्या आसपास आला तर भोक बरोबर आहे असे समजावे. १४० लागत असतील किंवा ५० पुरत असतील, तर बटणावरचे बोट काढून हातात पक्कड घ्यावी.

आमच्या विमानाचे काय झाले?

अपघातानंतर मुलांची दोन मते होती. एक, ‘‘रेंज गेली.’’ दोन, ‘‘बॅटरी संपली.’’ पण विमान पन्नास-साठ मीटरवरच होते आणि बॅटरीत निम्म्याहून अधिक वीज शिल्लक होती. शिवाय उचलून आणल्यावर सगळे चालत होते. तेव्हा अंदाज बांधण्यापेक्षा आम्ही प्रयोग केला. पंखा काढला, विमान टेबलाला बांधले आणि एलेव्हेटर-सर्व्होच्या तारेत ॲमीटर जोडला.

सर्व्हो शांत असताना काटा जेमतेम हलत होता. भुजा फिरताना तो दीडशे-दोनशे मिलिॲम्पिअरपर्यंत जाई. काडी पूर्ण मागे ओढली, तसा तो सहाशेच्या पुढे गेला आणि तिथेच राहिला. भुजेचे टोक ५० अंशांनंतर शेजारच्या लाकडी पट्टीला टेकत होते, म्हणून १२५ टक्क्यांनंतर कड हलत नव्हती. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलटा विद्युतदाब निर्माण करते आणि त्यामुळे प्रवाह आटोक्यात राहतो. ती अडली की उलटा दाब शून्य. मग प्रवाहाला अडवायला फक्त तिच्या गुंडाळीचा रोध उरतो.

हा सगळा प्रवाह येत होता मोटर-नियंत्रकात बसवलेल्या ५ व्होल्टच्या छोट्या पुरवठ्यातून. आमचा पुरवठा साध्या प्रकारचा होता. तो ११ व्होल्टच्या बॅटरीतून ५ व्होल्ट देतो आणि उरलेल्या ६ व्होल्टांची उष्णता करून टाकतो. पाव ॲम्पिअर घेतला तर दीड वॉट, सहज सोसणारी. इतर सर्व्हो धरून ०.९ ॲम्पिअर घेतला तर साडेपाच वॉट, नखाएवढ्या चकतीत! फार तापले की ती चकती स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा बंद करते आणि निवली की पुन्हा सुरू करते. टेबलावर काडी ओढून धरली, तेव्हा मिनिटभराच्या आत रिसीव्हरवरचा दिवा विझला. थोड्या वेळाने आपोआप लागला. ‘उचलल्यावर ठाकठीक’ या कोड्याचे उत्तर मिळाले.

त्या नववीतल्या मुलाचा चेहरा उतरला होता. त्याला मी सांगितले, की गुणगुण तू ऐकलीस तशी मीही ऐकली होती, आणि होकार माझा होता.

जुळवणीचा क्रम

यानंतर त्या मंडळात जो क्रम ठरला, तो इथे देतो.

१. मोटरवरचा पंखा काढावा. जुळवणी करताना मोटर अचानक फिरली तर बोटे जातात.

२. ट्रान्समीटरमधील सर्व टक्के १०० वर आणि मध्याच्या सर्व दुरुस्त्या शून्यावर आणाव्यात. तार न जोडता सर्व्हो मध्यावर आणून भुजा तारेशी काटकोनात बसवावी. अनेक सर्व्होंच्या आसावर २५ दाते असतात. एक दाता सरकवला की भुजा ३६० भागिले २५, म्हणजे १४.४ अंशांनी फिरते. म्हणून सर्वांत जवळचा दाता घेतला तरी सातेक अंशांपर्यंत चूक उरू शकते. तेवढीच ‘सब-ट्रिम’ने काढावी.

३. भुजा तिरकी राहिली तर दोन्ही बाजूंच्या हालचाली सारख्या होत नाहीत. १० मिलिमीटरच्या भोकात भुजा १५ अंश तिरकी असेल, तर ४० अंशांच्या फेऱ्यात तार एका बाजूला ५.६ आणि दुसऱ्या बाजूला ६.८ मिलिमीटर सरकते. हा दोष टक्क्यांनी झाकू नये, दाता बदलून काढावा.

४. हवी असलेली हालचाल, एलेव्हेटरची रुंदी आणि हॉर्नची उंची यांवरून भोक काढावे आणि मग तार जोडावी.

५. काडी हळूहळू शेवटपर्यंत न्यावी. कुठेही काही टेकता कामा नये. गुणगुण आली तर कान लावून कारण शोधावे. काडी किंचित सोडल्यावर आवाज थांबत असेल, तर भुजा शेवटाला अडते आहे असा संशय घ्यावा.

६. कडेवरची हालचाल पट्टीने मोजावी आणि वरची व खालची मर्यादा वेगवेगळी, शेवटच्या एक-दोन मिलिमीटरांपुरती, टक्क्यांनी नेमकी करावी. काडीची संवेदनशीलता कमी करणाऱ्या ‘ड्युअल रेट’सारख्या सोयी यानंतर वापराव्यात.

नव्या विमानात आमचा एलेव्हेटर १० मिलिमीटरच्या भोकात, वर ९२ आणि खाली ९५ टक्क्यांवर बसला. काडी पूर्ण ओढून धरली तरी ॲमीटरचा काटा खाली येऊन स्थिर राहिला.

वर्गात करून पाहण्यासारखे

यासाठी विमान असलेच पाहिजे असे नाही. एक छोटा सर्व्हो, आर्डुइनोसारखे मंडल, पुठ्ठ्यावर काढलेला कोनमापक आणि ताणकाटा एवढ्यावर भागते. स्पंदाची लांबी १००० पासून २००० मायक्रोसेकंदांपर्यंत शंभर-शंभराने वाढवत भुजेचा कोन नोंदवावा आणि आलेख काढावा. तो सरळ रेषेत येतो का? दोन वेगवेगळ्या बनावटींच्या सर्व्होंचा चढ सारखा येतो का? वेगवेगळ्या भोकांत ताणकाटा अडकवून बल मोजले, तर तरफेचा नियम पाठ करावा लागणार नाही. अडलेल्या सर्व्होचा प्रवाह मात्र दोन-तीन सेकंदच मोजावा, नाहीतर मोटर जळेल. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील छात्र विमानांच्या प्रतिकृती बनवतात. आपल्या शाळेत ते असतील तर त्यांना या प्रयोगात जरूर घ्यावे.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण. पंखावरच्या एलेरॉनची रुंदी ३० मिलिमीटर आहे. त्याची कड वर ८ मिलिमीटर जायला हवी. हॉर्नचे भोक बिजागरीपासून १५ मिलिमीटरवर आहे. १०० टक्क्यांना भुजा ४० अंश फिरते. सर्व्होच्या भुजेला ५, ६.५, ८ आणि १० मिलिमीटरवर भोके आहेत. तार कुठल्या भोकात अडकवाल, आणि टक्का किती ठेवाल? उत्तर काढून झाल्यावर प्रत्यक्ष जोडून, पट्टीने मोजून पाहा. थोडा फरक येईलच. तो कुठून आला हे शोधण्यात एखादा तास गेला, तर तो वाया गेला असे समजू नका.